खुणेवर परत



आज गीतेच्या सहाव्या अध्यायातला २६ वा श्लोक. अर्थ सरळ आहे. मन चंचल आहे, एका जागी ठरत नाही. ते जिथे जिथे भटकत जाईल, तिथून तिथून त्याला आवरायचं आणि आत्म्याच्या ताब्यात परत आणायचं. गंमत क्रमाची आहे. मन वाऱ्यासारखं आहे ही अर्जुनाची तक्रार येते ती पुढे, ३४ व्या श्लोकात. म्हणजे तक्रारीच्या आधीच उपाय सांगून झालाय! आणि तक्रार आल्यावरही भगवंत ती खोडून काढत नाहीत. मन आवरायला कठीण आहे हे मान्य करतात आणि अभ्यास नि वैराग्य यांकडे बोट दाखवतात.

किती वेळा परत आणायचं, याचा आकडा मात्र श्लोकात कुठेच नाही. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा वाचून बघितलं.

हे आज लिहायचं कारण माझा मामेभाऊ. वय २६, कायम रात्रपाळी. दीड वर्षापूर्वीपर्यंत रोज हरिपाठ म्हणायचा. मग पाळी बदलली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि एकेक सुटत गेलं. आधी हरिपाठ, मग घरच्यांबरोबर जेवणं, मग बोलणंच. मध्ये एका एकादशीला पेटून उठला आणि एका बैठकीत १०८ माळा करायला बसला. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, आणि पुढे दोन महिने माळेला हात नाही. मला म्हणाला, "दादा, आता कुठल्या तोंडानं बसू? आधीचं सगळं वाया गेलं."

त्यावर मी त्याला बरंच काही सांगितलं, पण खरं उत्तर त्याला गाडीखाली मिळालं असं मला वाटतं. मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरी त्यांची जुनी मारुती ८००, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. ती चढावर दम टाकत होती. सुरू व्हायला त्रास, ओढ नाही. ॲक्सिलेटर कितीही दाबा, आवाज वाढायचा, गाडी हलायची नाही. एका रविवारी मामांनी आम्हा दोघांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं.

बॅटरीची वायर काढली, फॅनबेल्ट काढला, प्लग काढले, पुढचं कव्हर उघडलं. क्रँकची खूण खुणेवर आणली आणि वर बघितलं तर कॅमच्या पुलीची खूण एक दात मागे. टायमिंग बेल्ट जुना होऊन सैल झालेला, त्यात एक दात सरकलेला. बास, एवढंच.

पण एक दात म्हणजे काय ते मामांनी नीट समजावलं. क्रँक दोन फेऱ्या फिरला की कॅमची एक फेरी होते. म्हणूनच कॅमच्या पुलीला दात दुप्पट. कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. तो मागे पडला की पिस्टन वर यायला लागला तरी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि भरलेलं मिश्रण थोडं परत बाहेर ढकललं जातं. पिस्टन चांगला, व्हॉल्व्ह चांगला, प्लग चांगला. पण एक वर येताना दुसऱ्यानं मिटायचं, हे जमत नव्हतं.

अजून एक गोष्ट निघाली. आधी कुणीतरी डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठेवला होता. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरच फिरतो, त्यामुळे कॅमबरोबर ठिणगीही उशिरा पडत होती. डिस्ट्रिब्युटर फिरवल्यावर ठिणगी वेळेवर आली, गाडी उभ्या उभ्या छान चालायला लागली. व्हॉल्व्ह मात्र मागेच राहिले. मामा हसले, "वरवरचा इलाज." मला आपल्या फोनमधले जपाचे काउंटर आणि पहाटे ४ चे अलार्म आठवले. वाईट नाहीत ते, पण ते डिस्ट्रिब्युटर आहेत.

भाऊ म्हणाला, "मग आता काय, इंजिन उतरवायचं?"

मामा म्हणाले, "अरे, कशाला? खुणेवर आण, झालं."

टेन्शनर सैल केला, जुना बेल्ट काढला. कॅमची खूण खुणेवर आणली, क्रँकची होतीच. टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवून नवा बेल्ट चढवला, टेन्शनर बसवला. आता मला वाटलं किल्ली मारायची. मामांनी ती खिशात टाकली. भावाच्या हातात पाना दिला आणि क्रँक हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवायला लावला, हळू, अडतंय का बघत. मग पुन्हा खुणा तपासल्या. जुळल्या. तरी एकदा अजून. बेल्ट ओढ घेताना सरकू शकतो, म्हणून हातानं फिरवून बघितल्याशिवाय किल्ली लावायची नाही, हा त्यांचा नियम. (घरी करणार असाल तर जाणत्या माणसाबरोबरच करा. बऱ्याच इंजिनांत खुणा जास्त चुकल्या तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग खरंच इंजिन उतरवावं लागतं.) गाडी सुरू झाल्यावर टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटरही जागेवर आणला.

हजारो किलोमीटर गाडी चुकीच्या टायमिंगवर धावली असेल. तेवढे उलटे मोजून फेडावे लागले नाहीत. भाऊ हे बघत होता. हात काळे, बोलत काही नव्हता, पण प्रत्येक वेळी खूण जुळली की वाकून बघायचा.

श्लोकातलं "तिथून तिथून" मला तेव्हा नीट वाचता आलं. मन ऑफिसच्या मेलवर गेलं तर मेलवरून आणायचं, मोडलेल्या लग्नावर गेलं तर तिथून. दीड वर्ष गेलं असेल तर दीड वर्षावरून. आणि आणायचं हातानं, हळू. त्याच्या आधीच्याच, २५ व्या श्लोकात भगवंत हळूहळू, धीर धरलेल्या बुद्धीनं जायला सांगतात. १०८ माळा एका दमात करणं म्हणजे खुणा न जुळवता ॲक्सिलेटर दाबणं. त्या रात्री त्याच्या हातून तेच झालं होतं.

मी त्याला फक्त एक अभंग सांगितला. पाळीवरून आल्यावर, चहाच्या आधी, एकच. जागा आणि वेळ तीच ठेवायची. जीव दुखला तर रडत म्हण, पण वाढवू नकोस.

दोन दिवस म्हटला. तिसऱ्या दिवशी राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी ७ ला मेसेज आला, "दादा, काल चुकलं. आता?"

मी श्लोकाचा नंबर पाठवला. ७:२० ला उत्तर आलं, "म्हटला. आईनं चहा दिलाय."

उद्या २७ वा श्लोक बघू. राम कृष्ण हरी.