विश्वस्ताचा हात

मनुष्य गेल्यावर त्याच्या इच्छेचे बंधन मागे राहिलेल्यांवर कितपत असते? मृत्युपत्राच्या निमित्ताने घरोघरी उद्‌भवणारा हा प्रश्न अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ यांच्या बाबतीत फार तीव्रतेने समोर येतो.

१९०६ साली इंडियाना राज्यात जन्मलेले स्मिथ तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात कामगार होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रेल्वे एंजिने व रणगाडे यांवर वेल्डिंग केले. हीच कामगाराची विद्या त्यांनी कलेत आणली आणि पोलादाचे तुकडे जोडून अमूर्त शिल्पे उभी केली. १९६२ मध्ये इटलीतील व्होल्त्री येथे, बंद पडलेल्या कारखान्यांत, महिनाभरात त्यांनी २७ शिल्पे पूर्ण केली. अनेक शिल्पांना ते रंग देत. रंग त्यांच्या लेखी कृतीचाच भाग होता. आपल्या एका शिल्पाचा तांबडा रंग काढून टाकल्याचे कळताच, १९६० मध्ये, त्यांनी जाहीर पत्र लिहून ते शिल्प आपले मानण्यास नकार दिला.

१९६५ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मालमत्तेच्या तीन विश्वस्तांत नामवंत समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग होते. स्मिथ यांच्या कलेचे ते जुने पुरस्कर्ते. परंतु त्यांचे रंगकाम त्यांना रुचत नसे. पुढे काही शिल्पांवरील पांढरा रंग काढण्यात आला. १९७४ मध्ये समीक्षक रोझलिंड क्रॉस यांनी लेख लिहून हे उघडकीस आणले.

पांढरा रंग केवळ अस्तराचा होता, शिल्पे अपुरीच होती, असा बचाव केला गेला. तो आम्हांस पटत नाही. अपुरे राहिलेले काम अपुरेच जपणे हेही विश्वस्ताचे कर्तव्य होय. मृताची प्रत्येक इच्छा पाळावीच, असे आम्ही म्हणत नाही; तिच्यामुळे जिवंतांवर अन्याय होत असेल तर ती बाजूस सारणे योग्य ठरेल. येथे तसे काहीच नव्हते. होती ती केवळ एका जाणकाराची आवड.

परक्याच्या हातून होणारी हानी चटकन ओळखू येते. स्नेह्याच्या हातून होणारी मात्र सुधारणेचे रूप घेऊन येते, म्हणून ती अधिक घातक. ‘त्यांचे भले आम्हांस अधिक कळते’ असे ज्या क्षणी विश्वस्त मनाशी म्हणतो, त्या क्षणी तो मालक होऊन बसतो.

१९६० साली स्मिथ स्वतः निषेधाचे पत्र लिहू शकले. मृत्यूनंतर ते शक्य नव्हते. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला दिलेला शब्द पाळण्यातच प्रामाणिकपणाची खरी कसोटी आहे.