आधी खाली बसून हिशेब करा



आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला. म्हणूनच की काय, त्याच्या शिकवणुकीत पाया, दगड, वाळू, खडक हे शब्द वारंवार येतात. लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८-३०) तो बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. हा माणूस आधी खाली बसतो, पदरी असलेला पैसा मोजतो आणि काम पुरे होईल की नाही ते पाहतो. तसे न करता पाया घातला आणि पुढे पैसा संपला, तर येणारे-जाणारे त्याची थट्टा करतात. प्रभूला या ठिकाणी घरबांधणी शिकवायची नव्हती. शिष्य होण्याची किंमत काय आहे, हे त्याला सांगायचे होते. पण उदाहरण त्याने असे निवडले की, शहाणा माणूस घर बांधण्यापूर्वी हिशेब करतो हे ऐकणाऱ्यांना वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आपल्या खानदेशाला हा दाखला समजायला दूर जावे लागत नाही. जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकात झोपडपट्टीतील लोकांसाठी हजारो घरकुलांची योजना आखली आणि त्यासाठी कर्ज काढले. बरीच घरे अर्धवट राहिली. २००६ साली फिर्याद दाखल झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. घरकुलांच्या कर्जाचे ओझे मात्र पुढे कित्येक वर्षे शहराच्या मानेवर राहिले. ज्या गरिबाच्या नावाने कर्ज काढले, त्यातल्या अनेकांच्या डोक्यावर छप्पर आलेच नाही. त्या छपराविना उघड्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना लूकचा चौदावा अध्याय निराळा समजावून सांगायला नको.

आता आपल्या घराकडे वळू या. गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामातील अनेक तरुण कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली. कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी एमआयडीसीत नोकरीला. भाड्याच्या दोन खोल्यांतून निघून स्वतःच्या दारावर क्रूस लावण्याचा आनंद फार मोठा आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात, कामगाराला काटकसर करून स्वतःची थोडी मालमत्ता उभी करता यावी, असा आग्रह धरला आहे. तेव्हा घरासाठी कर्ज काढणे हे पाप नाही, आणि घराची इच्छा धरणे हा लोभही नाही. काही जण पापनिवेदनात कर्जाविषयी असे बोलतात की जणू काही चोरी केली आहे. तसे मनात आणू नका.

पण हिशेब करायला खाली बसलेच पाहिजे. समजा, २० लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त ३,१८९ रुपये. वीस वर्षांत एकूण ४१ लाख ६५ हजारांच्या वर रक्कम भरली जाते, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. हा आकडा पाहून घाबरू नका, पण तो माहीत नसणे बरे नव्हे. याच कर्जात दरवर्षी एक हप्ता जादा भरला, तर तीन वर्षांहून अधिक काळ वाचतो आणि व्याजाचे सुमारे चार लाख रुपये कमी होतात. वर्षाला एक जादा हप्ता म्हणजे महिन्याला साधारण साडेचौदाशे रुपये. त्यासाठी कोठून वाचवायचे, हे नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवावे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशी जादा रक्कम भरल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही. ही माहिती नसल्याने कित्येक जण बोनस आला की नवा टीव्ही घेऊन मोकळे होतात.

आणखी एक गोष्ट. व्याजदर वाढला की हप्ता तेवढाच राहतो आणि मुदत मात्र लांबते, असे पुष्कळांच्या बाबतीत घडले. हप्ता तोच आहे म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले आहे की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी. तेव्हा वर्षातून एकदा तरी बँकेत जाऊन कर्जखात्याचा उतारा मागा आणि शेवटचा हप्ता कोणत्या साली आहे ते वाचा. निवृत्तीनंतरचे साल दिसले तर तेथेच थांबून प्रश्न विचारा.

पवित्र शास्त्रात कर्जदार घराची एक कथा आहे, ती मला फार आवडते (२ राजे ४:१-७). संदेष्ट्यांच्या मंडळीतील एका माणसाची विधवा अलीशाकडे रडत येते. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून गेला, आणि सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला आला आहे. अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? तिच्याकडे तेलाची एक कुपी असते. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली सगळी भांडी त्या तेलाने भरतात. येथपर्यंतचा चमत्कार सर्वांना ठाऊक आहे. पण त्यानंतर संदेष्टा तिला काय करायला सांगतो? तेल विक, आधी देणे फेड, आणि उरेल त्यावर तू व मुले गुजराण करा. चमत्कार झाल्यावरही क्रम असा! आपल्याकडे पगार झाला की आधी खर्च, आणि उरले तर देणे. आणि बघा, संदेष्ट्याने ‘घरात काय आहे’ हे आधी विचारले. तो देवाचा माणूस होता, तरी त्याने घरातल्या वस्तूपासूनच सुरुवात केली.

त्या बाईने एक मोठे धैर्य केले. तिने तोंड उघडले. आपल्याकडे हेच होत नाही. नवऱ्याने सोसायटीतून कर्ज उचलले ते बायकोला ठाऊक नसते. बायकोने बचत गटातून किंवा फायनान्सवाल्याकडून घेतलेले नवऱ्याला ठाऊक नसते. घराचा हप्ता चुकू नये म्हणून मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज, ते फेडायला सोने गहाण, आणि सोने सोडवायला हातउसने. बाहेरून सारे ठीक दिसते. मग एक दिवस ते कुटुंब मिस्साला येणे बंद करते, कारण ज्यांचे देणे आहे तो माणूस तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. अशा घरांत मारहाण सुरू होते, दारू शिरते, आणि कधी कधी त्याहून भयंकर विचार मनात येतात. ज्यांच्या मनात असे काही आले असेल त्यांनी आजच, हे पत्रक खाली ठेवण्याआधी, आपल्या माणसाशी किंवा माझ्याशी बोलावे. रात्र असली तरी चालेल. पैशाचे देणे फेडता येते, त्याला वेळ लागतो एवढेच.

सावकारांविषयीही शास्त्र गप्प नाही. नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी वाचा. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती, आणि घेणारे परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने त्या सरदारांना भर सभेत जाब विचारला आणि घरे, मळे व व्याज परत करायला लावले. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर कोणाचे जाते गहाण घेऊ नये असे सांगितले आहे, कारण ते त्याचे पोट आहे. तसेच गहाण वस्तू घ्यायला त्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. कर्जदार झाला तरी त्याच्या उंबरठ्याला मान आहे. आपल्या राज्यात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. आपल्यातले कोणी व्याजाने पैसे लावत असतील, तर त्यांनी नहेम्यासमोर आपण उभे आहोत असे समजून तो अध्याय वाचावा. यापेक्षा जास्त मी येथे लिहीत नाही.

ख्रिस्तसभेने यावर नुसता उपदेश केला असेही नाही. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी अल्प व्याजाच्या तारण-पेढ्या काढल्या. व्याज घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला आणि अखेर १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने त्यांना मान्यता दिली. आपल्या महाराष्ट्रात तर जवळचेच उदाहरण आहे. १९१८ साली वसईत मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी बसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचे बीज रोवले, आणि आज ती बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून उभी आहे. वसईचे लोक आपल्याहून श्रीमंत होते म्हणून हे झाले असे नाही. ते एकत्र आले.

एकत्र येताना डोळे मात्र उघडे हवेत. पतसंस्थांचा अनुभव खानदेशाला वेगळा सांगायला नको. अनेकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या, मुलींची लग्ने थांबली. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. तेव्हा दीड-दोन टक्के जास्त व्याजाच्या मोहाने घराचे हप्ते अडचणीच्या वेळी भरण्यासाठी ठेवलेला पैसा कोठेही टाकू नका. निदान तीन-चार हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असावी. नंतरच जादा भरण्याचा विचार करावा. आणि कमावणारा एकच असेल तर त्याचा मुदत विमा हवाच, म्हणजे ती विधवा पुन्हा रडत येणार नाही.

जामीन राहण्याविषयी दोन शब्द. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात, शेजाऱ्याला जामीन राहिलास तर झोप घेऊ नकोस, आधी जाऊन सुटका करून घे, असा सल्ला आहे. आपल्या शिक्षक बंधू-भगिनींना हे चांगले कळेल. भिडेखातर सही करणे म्हणजे प्रेम नव्हे. ‘मला झेपणार नाही’ असे गोडीने सांगणे हेही शेजारप्रेमच आहे.

आता थोडे आपल्या मंडळीलाही सांगायला हवे. प्रथम कम्युनियनला हॉल, केटरिंग, दोन पोशाख आणि व्हिडिओ, घराच्या आशीर्वादाला शंभर पाने, बाप्तिस्म्याला केक. हप्ता सुरू असलेल्या घराला हे परवडत नाही, आणि ‘लोक काय म्हणतील’ या लोकांत आपणच आहोत. मुलाला पांढरा सदरा धुऊन घातला तरी प्रभू त्याच्या अंतःकरणात येतो. थंडीत सर्वांनी मिळून भरीत-भाकरी केली तर ते जेवण हॉलमधल्या जेवणाहून बरे लागते, हे खानदेशी माणसाला मी काय सांगावे! आणि चर्चच्या वर्गणीबाबत स्पष्टच लिहितो: ज्यांचा घराचा हप्ता ओढाताणीने जातो, त्यांनी वर्गणी राहिली म्हणून लपू नये. जमेल तेवढे द्या, नाही जमले तर तसे सांगा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण याबाबत दोन-तीन कुटुंबांनी विचारले. कर्ज पूर्ण फिटले की बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची असतात. डिसेंबर २०२३ पासून, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. पण कागद हाती आले म्हणजे काम संपले नाही. आपल्याकडचे बरेच प्लॉट सातबाऱ्यावर आहेत आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो. बँकेचा दाखला घेऊन तलाठी कार्यालयात अर्ज करा आणि तो बोजा कमी करून घ्या. काही जण हे विसरतात आणि पुढे मुलांना वणवण करावी लागते. ज्यांचा सातबारा कोरा होईल त्यांनी मला जरूर कळवावे. त्या घराचा आशीर्वाद पुन्हा एकदा करायला मी सायकलवर येईन, पाने मांडू नका, चहा पुरेल.