गोळी तीच, हेतू वेगळा

मुलीच्या चेहऱ्यावरचे मुरुम वर्षभर हटत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ चिठ्ठी लिहून देतात आणि मेडिकलमध्ये गेल्यावर आईच्या लक्षात येते की, ही तर संततिप्रतिबंधाची गोळी! कॅथोलिक घरात ती चालेल का? हा प्रश्न आपल्याकडे कुजबुजत विचारला जातो, म्हणून आम्ही तो येथे उघडपणे घेत आहोत.

मुरुमांच्या मुळाशी बऱ्याचदा पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव असतो. त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रे बुजतात. या गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्तातील मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी होते आणि तेलही घटते. गुण यायला तीनेक महिने लागतात. म्हणजे हा खराखुरा औषधोपचार आहे, पळवाट नव्हे.

पोप सहावे पॉल यांच्या २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकातील मनाई सर्वांना ठाऊक आहे. त्यातला १५ वा परिच्छेद मात्र क्वचितच कोणी वाचतो. शारीरिक व्याधी बरी करण्यासाठी आवश्यक असलेले उपचार ख्रिस्तसभा गैर मानत नाही, त्यातून गर्भधारणेला अडथळा येणार हे आधीच दिसत असले तरीही. अट एवढीच की, तो अडथळा हाच हेतू असता कामा नये.

अविवाहित मुलीच्या बाबतीत तर गुंता फारच कमी. जेथे दांपत्यसंबंधच नाही, तेथे रोखायचे काय? पाप हेतूत आणि कृतीत असते, पाकिटात नसते. (आपल्या आळीत मात्र पाकीट पाहूनच निकाल लागतो!)

विवाहितेचा प्रश्न तितका सोपा नाही. ‘आवश्यक’ हा शब्द येथे वजनदार ठरतो. लग्नसराईपुरत्या दोन-चार पुटकुळ्या घालवायच्या असतील, तर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीनचे मलम पुरते. पण खोल गाठी होऊन व्रण राहत असतील, बाई चारचौघांत जायचे टाळत असेल, तर त्याला नट्टापट्टा म्हणणे अन्यायाचे आहे. मुरुम हे निमित्त आणि मूल नको हे कारण, असे तर नाही ना, हे त्या दांपत्याने देवासमोर बसून तपासावे, शेजाऱ्यांनी नव्हे. गोळीने गर्भाशयाचे अस्तर पातळ होते, तेव्हा चुकून फलित झालेल्या बीजाला धोका पोहोचेल, अशी शंकाही काही कॅथोलिक नीतिशास्त्रज्ञ घेतात. वैद्यकशास्त्रात यावर एकमत नाही. अशी शंका मनाला टोचत असेल, तर उपचाराच्या काळात संयम पाळण्याची वाट पतिपत्नींना मोकळी आहे.

आयसोट्रेटिनॉइन हे दुसरे प्रभावी औषध गर्भात गंभीर व्यंग निर्माण करते, त्यामुळे तेथेही गर्भ राहू न देण्याचा प्रश्न येतोच.

गोळी सुरू करण्यापूर्वी घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत का, मुलीला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते का, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. पाळी अनियमित असेल, तर पीसीओएसची तपासणीही करून घ्यावी.