ब्रांकाचा दुसरा चेंडू

पेनंटची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची शर्यत शेवटच्या आठवड्यांत रंगात आली की बेसबॉलचे चाहते पिचरांवर बोलू लागतात. अमक्याचा हात थकलाय, तमक्याला एवढ्यात पुन्हा उतरवू नका, इथवर चर्चा खेळाची असते. सामना हातचा गेला की तीच तोंडं म्हणतात, ‘त्याच्यात दमच नव्हता.’ इथे खेळ बाजूला राहून माणसाच्या लायकीचा निवाडा सुरू होतो, आणि पुरावा म्हणून पुढे केला जातो तो फक्त निकाल. निकालावरून कर्त्याला दोषी ठरवता येतं का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली हा जुना प्रश्न ‘नैतिक नशीब’ म्हणून पुन्हा ऐरणीवर आणला. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि पिचर राल्फ ब्रांका हा माझा साक्षीदार.

३ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांचे मोसमाअखेर सारखेच ९६ विजय झाले, म्हणून तीन जादा सामने; त्यातला हा निर्णायक. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात डॉजर्स ४-२ ने पुढे, जायंट्सचे दोघे बेसवर. मॅनेजर चार्ली ड्रेसेनने दमलेल्या डॉन न्यूकमच्या जागी ब्रांकाला बोलावलं. पहिला चेंडू स्ट्राइक. दुसरा उंच आणि बॅटरच्या अंगाकडे. बॉबी थॉमसनने तो डावीकडच्या स्टँडमध्ये भिरकावला. ५-४, खेळ खलास. त्या मैदानाची डावी कड होम प्लेटपासून अवघ्या २७९ फुटांवर, तर मधली भिंत ४८० फुटांच्या आसपास. तोच फटका मधोमध गेला असता तर बहुधा झेल ठरला असता. शिवाय ११ ऑगस्टला जायंट्स १३ सामन्यांनी मागे होते. उरलेल्या ४४ पैकी ३७ त्यांनी जिंकले. दीड महिना झिरपत गेलेल्या आघाडीचा सगळा हिशेब एका चेंडूच्या नावे मांडणं सोयीचं होतं, इतकंच.

ब्रांका कॅथलिक. हे माझ्याच वाट्याला का, असं त्याने एका जेझुइट पाद्र्याला विचारलं. हा क्रूस पेलण्याइतकी तुझी श्रद्धा बळकट आहे हे देवाला ठाऊक होतं, म्हणून त्याने तुला निवडलं, असं उत्तर मिळालं. खचलेल्याला धीर द्यायला ते चांगलंच आहे. स्पष्टीकरण म्हणून टिकत नाही. हरणारा देवाने निवडला तर जिंकणाराही त्यानेच निवडला. मग जायंट्स त्या मोसमात आपल्या क्लबहाउसमधून दुर्बिणीने कॅचरच्या खुणा (पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे पिचरला सांगणाऱ्या) चोरत होते हे २००१ साली उघड झालं, ती दुर्बीणही देवाचीच म्हणायची? (त्या चेंडूची खूण आपल्याला मिळाल्याचं थॉमसनने नाकारलं.) चाहते दोष देतात, पाद्री सांत्वन करतो, पण दोघांचं गृहीतक एकच: एवढी मोठी गोष्ट घडली म्हणजे तिचं कारण त्या माणसातच असणार. योगायोग दोघांनाही सोसत नाही.

निकाल मोजायचाच नाही तर खेळायचं कशाला, असं कुणी विचारेल. धावफलकाने तो जरूर मोजावा. कौशल्यही निकालांवरूनच कळतं, पण मोसमभराच्या. १९४७ मध्ये ब्रांकाने २१ सामने जिंकले ते काही नशिबाने नव्हे. याहून टोकदार आक्षेप असा की दोनच दिवसांपूर्वी थॉमसनने ब्रांकाच्याच चेंडूवर होमरन मारला होता, तेव्हा त्याला आणायलाच नको होतं. हा मला मान्य आहे, कारण हा आक्षेप चेंडू सुटण्याआधीही घेता आला असता. पण मग तो लागतो ड्रेसेनला. आपल्याकडे कुणी गीता पुढे करेल, फळाकडे पाहूच नये म्हणेल. तो उपदेश कर्त्याला आहे. गॅलरीत बसून दुसऱ्याच्या कर्माचं फळ त्याच्या कपाळी मारणाऱ्यांची सोय त्यात नाही. ब्रांकाला जन्मभर हळहळ वाटली असेल तर ती माणसाची रीत झाली, अपराधाची कबुली नव्हे.

ड्रेसेन मॅनेजर राहिला आणि डॉजर्सने १९५२ व १९५३ चे दोन्ही पेनंट त्याच्याच हाताखाली जिंकले. ब्रांका २०१६ साली नव्वदीत वारला, तेव्हा मृत्युलेखांच्या मथळ्यांत तो एकच चेंडू होता.