लेपाचा स्वभाव आणि स्याद्वाद

पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलमाइड या पॉलिमरचा लेप सुमारे ३२ अंश सेल्सिअसखाली पाणी धरून फुगतो आणि प्रथिनांना जवळ करत नाही. त्याहून तापला की पाणी सोडून आकसतो, प्रथिने त्याला चिकटतात. केसाएवढ्या वाहिन्यांच्या उपकरणात प्रथिने वेगळी करायला हाच गुण उपयोगी पडतो. २००३ मध्ये डेल ह्यूबर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रथिने अशी पकडून पुन्हा सोडून दाखवली. मग हा लेप मुळात कसा, जलस्नेही की जलविरोधी?

अशा प्रश्नाबाबत जैन परंपरेतला स्याद्वाद सांगतो, की विधान अपेक्षेसह, म्हणजे ते कोणत्या दृष्टीने केले हे सांगून, करावे: एका तापमानाच्या अपेक्षेने लेप जलस्नेही आहे, दुसऱ्याच्या अपेक्षेने नाही. द्रव्य तेच राहते, पर्याय, म्हणजे त्याच्या अवस्था, बदलतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात तर पुद्गलांचा, म्हणजे जड द्रव्याच्या कणांचा, बंध स्निग्धता आणि रूक्षता यांमुळे होतो असे म्हटले आहे. साम्य मोहक आहे. पण त्यावरून प्राचीनांना पॉलिमर ठाऊक होते म्हणणे हा ग्रंथावर अन्याय ठरेल. तिथला प्रश्न वस्तूच्या स्वरूपाचा आहे. स्याद्वाद संशयवादही नव्हे: ३२ अंशांखालचे विधान त्या अटीत निश्चित सत्य असते.