तीन पावले जमीन

बलिप्रतिपदेला आमच्या विश्रामबागेत आजही ओवाळताना बळीच्या राज्याची आठवण निघते. तीन पावले जमीन मागणाऱ्याने सारे राज्य घेतले. लोकांच्या तोंडी मात्र राहिला बळीच. असे का व्हावे?

१८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. दत्तक नामंजूर, एवढे कारण पुरले. रयतेचे भले होईल ही पुस्ती होतीच. त्याआधीच पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांसाठी रंगो बापूजी १८४० ते १८५३ लंडनमध्ये दाद मागत राहिले. पुढे १८९३ साली गोऱ्या मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी अमेरिकन आरमाराच्या छायेत हवाईच्या राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. त्याही वॉशिंग्टनला दाद मागायला गेल्या. पण १८९८ साली अमेरिकेने बेटे जोडून घेतली. त्याच वर्षी स्पेनला दोन कोटी डॉलर देऊ करून फिलिपाइन्स घेतले, तेही तिथल्या लोकांना सुधारण्यासाठी म्हणे! हवाईबद्दल अमेरिकन काँग्रेसने माफी मागितली ती १९९३ साली.

कोणी म्हणेल, साहेबाने शिक्षण दिले ना? विश्रामबागेतल्या, १९१९ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयाला गव्हर्नर विलिंग्डन यांचे नाव आहे खरे. पण ते काढले डेक्कन एज्युकेशन सोसायटीने, आपल्याच माणसांनी.

शेजारीण फराळाचे ताट घेऊन आली तर आनंदच आहे. तिने आपली चूल ताब्यात घेतली, तर तिचे लाडू कितीही गोड असोत, घर आपले राहत नाही. भले करू पाहणाऱ्याने आधी विचारावे, आणि ‘नको’ ऐकल्यास मागे फिरावे. मुलासुनांचे भले परस्पर ठरवणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनाही यातून सुटका नाही.