आजीची आवड

एखादी वृद्ध गृहिणी निवर्तली म्हणजे तिच्याविषयी चार बरे शब्द बोलले जातात, आणि ते शब्द बहुधा ठरलेले असतात. 'तिने जन्मभर सर्वांसाठी केले, स्वतःसाठी काही मागितले नाही.' वर्तमानपत्रांतील पुण्यस्मरणाच्या चौकटीत, समाचारास आलेल्या मंडळींच्या बोलण्यात, तेराव्याच्या पंगतीत, हेच वाक्य थोड्याफार फरकाने कानी पडते. ते खोटे असते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. बोलणारांचे डोळे त्या वेळी खरोखरच पाणावलेले असतात. तथापि या वाक्यापाशी जरा थांबले तर त्यातील एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी त्या त्यागाचे फळ चाखले, तेच त्या त्यागाची स्तुती करीत असतात. ऋणकोने सावकाराच्या औदार्याचे गोडवे गावे आणि त्या भरात कर्जाचा आकडा तेवढा विचारू नये, तसाच काहीसा हा प्रकार आहे. दुसऱ्याच्या निरिच्छतेची ग्वाही देण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो? तिला काही नको होते, हे आपणांस कळले तरी कसे?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही तो आमच्या आजीस समोर ठेवून विचारणार आहो. ती आमगावच्या बाजूस एका खेड्यात राही. तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडे. गोंदिया हा निराळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, तो पाहावयास ती राहिली नव्हती. तिचे माहेर बालाघाटकडचे. गोंदियाहून बालाघाट-नैनपुरावरून जबलपुरास जाणारी अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली होती. त्याच गाडीने ती लग्न होऊन सासरी आली. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. म्हणजे तिचे माहेर एका रात्रीत परप्रांतात गेले. या राजकीय घडामोडीवर तिने एवढाच अभिप्राय दिल्याचे घरात सांगतात की, तिकडचा चिन्नोर तांदूळ आता येणार ना?

तांदळाची ही काळजी हास्यास्पद वाटावयाची. पण तो सारा मुलूखच धानाचा. नवेगाव बांध, बोदलकसा अशा जुन्या तलावांच्या पाण्यावर तेथील शेती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे, आणि भात हा तेथे जेवणातला एक पदार्थ नसून जेवणच आहे. आता भात शिजविणे हे काम इतके सोपे समजले जाते की, ज्याला स्वयंपाक येत नाही तोही 'भात तेवढा करतो' असे म्हणतो. आजीचे मत निराळे होते. नवे पोते उघडले की ती चार दाणे तळहातावर घेई, एक दाताखाली धरी, आणि तांदूळ यंदाचा की मागील सालचा हे सांगे. नव्या तांदळास पाणी कमी लागते. जुन्याइतके घातले तर त्याचा गोळा होतो. पावसाळ्यात हवा दमट असली म्हणजे ती पाण्यात आणखी थोडी काटछाट करी. माप म्हणून तिने हाती कधी काही धरले नाही. बोटाचे पेर पुरे होई. लाखोळीच्या डाळीविषयी तर ती फारच कडक असे. त्या भागात धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी फेकण्याची वहिवाट आहे, आणि ही डाळ गरिबाघरी स्वस्तात पोट भरते. आजी ती कढत पाण्यात भिजत घाली, ते पाणी मोरीत ओतून देई आणि मगच शिजवी. शिवाय लागोपाठ दोन दिवस ती घरात करू देत नसे. कारण विचारले तर 'पाय जातात' एवढेच उत्तर मिळे. लाखोळी हेच ज्यांचे मुख्य अन्न होते त्यांचे पाय लुळे पडत असत, आणि ज्या विषारी द्रव्यामुळे असे होते ते भारतीय शास्त्रज्ञांनी त्या दाण्यातून १९६४ साली वेगळे काढले. आजीला हे ज्ञान तिच्या सासूकडून, आणि तिच्या सासूला कोणाकडून तरी, चुलीपुढेच मिळाले होते.

हे आम्ही विस्ताराने सांगितले याला कारण आहे. या सर्व खटाटोपास आपण घरात काय नाव देतो? 'तिच्या हाताला चव होती', 'तिच्या जेवणात माया होती.' मायेविषयी आमचा वाद नाही. परंतु मूठभर दाण्यांवरून तांदळाचे वय ओळखणे यात माया किती आणि बुद्धी किती? हीच परीक्षा एखाद्या वैद्याने जडीबुटीची केली असती तर आपण तिला शास्त्र म्हटले असते. आजीने केली म्हणून ते वात्सल्य झाले. स्तुतीच्या मिषाने एखाद्याची बुद्धी काढून घेता येते, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

शिवणाचेही तसेच. दुपारी मागचे आवरले की ती ओसरीवर गोधडी घेऊन बसे. जुनी लुगडी, विटलेली धोतरे, कोणाच्या परकराचा घेर, असे थर एकावर एक घालताना एका कापडाची विरलेली जागा दुसऱ्याच्या धडक्या भागाखाली येईल अशी ती मांडणी करी. मग काठापासून आत आत जाणारा धावदोरा. टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एकासारखे एक. सुना शिवू लागल्या आणि त्यांचा टाका लांब पडला तर ती तोंडाने काही बोलत नसे. रात्री सर्व निजल्यावर कंदिलाशी बसून तो उसवून पुन्हा घाली. सुनांना सकाळी ते दिसे, आणि त्यांना ते बोलण्यापेक्षा अधिक लागे. ती केवळ मायेची मूर्ती होती असे म्हणणारांनी या सुनांचीही साक्ष काढावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९७० नंतर दोन-चार वर्षांनी ती वारली. आम्ही त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होतो. तेराव्याच्या दिवशी मृताच्या आवडीचा पदार्थ पानात वाढण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आचाऱ्याने येऊन विचारले, 'आजीबाईंना काय आवडत असे?' घरात तीन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, अशी पंधरा-वीस मोठी माणसे होती. आजोबांस बासुंदी आवडे, थोरल्या काकांस वांग्याचे भरीत, धाकट्यांस वडाभात, हे प्रत्येकास तोंडपाठ होते, कारण आजी ज्याच्या त्याच्या वाढदिवशी ते करीत असे. आजीला काय आवडे हे कोणासही सांगता येईना. अखेर शेजारची एक वृद्ध बाई, जी उभ्या जन्मात आजीबरोबर तांदूळ निवडीत आली होती, ती दारातून म्हणाली, "तिले भाताची खरवड आवडे, भाऊ. मीठ लावून खाये."

खरवड म्हणजे भांड्याच्या बुडाशी लागलेला, उलथन्याने खरडून काढावा लागणारा भात. करपलेले अन्न पितरांच्या पानात वाढता येत नाही, असा निर्णय वडीलधाऱ्यांनी दिला, आणि त्या दिवशी बासुंदी झाली. ती आजोबांची आवड होती.

त्या शेजारणीच्या एका वाक्यात जो पेच आहे तो आम्हांस आजवर सुटलेला नाही. आजीला खरवड खरोखरच आवडत होती काय? की सर्वांची पाने उठल्यावर भांड्यात जे उरे ते ती खाई, आणि पन्नास वर्षे तेच खाल्ल्यावर ते आवडू लागले? आणि समजा, आवड अशी उत्पन्न झाली असली, तर ती आवड नव्हे काय? द्राक्षे हाती लागली नाहीत म्हणून ती आंबट ठरविणारा कोल्हा आपल्या परिचयाचा आहे. पण ज्याला द्राक्षे कोणी दाखविलीच नाहीत आणि जो बोरांवर मनापासून खूष आहे, त्याचे काय? दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे जगता यावे म्हणून आपल्या इच्छाच आखूड करून घेतात. तेव्हा त्यांच्या समाधानाचे माप घेऊन त्यांचे कल्याण ठरवू नये, असे प्रतिपादन अमर्त्य सेन यांनी वारंवार केले आहे. युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही आजीला समोर बसवून 'तुला खरवड आवडत नव्हती, तुला तसे वाटत होते' असे सांगावयाचे धैर्य आम्हांस होणार नाही. आणि झालेच तर तिने उलथने उगारले असते. मिठाचा खडा लावून कुरकुरीत खरवड खाण्यात जो आनंद आहे तो ज्याने घेतला आहे, त्याला या बाबतीत सेनांपेक्षा आजीचे म्हणणे प्रमाण वाटण्याचा संभव आहे.

यावर जुन्या वळणाचे लोक म्हणतील की, हाच तर निष्काम कर्मयोग. फळाची आशा न धरता केलेले कर्म आजीच्या रूपाने घरात नांदत होते. हा आधार आम्हांस टिकाऊ वाटत नाही. कर्मयोगावर लोकमान्यांचे 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाल्यापासून मराठी घराघरांत चर्चा झाली आहे, पण एक गोष्ट त्या चर्चेत मागे राहते. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, सर्व उपदेश करून झाल्यावर, भगवंत अर्जुनास सांगतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. म्हणजे निष्काम होण्यापूर्वी अर्जुनाला त्याची इच्छा विचारली गेली. ज्याला 'नको' म्हणावयाची वाट मोकळी होती त्याने फळ सोडले, तर तो त्याग. आजीला चौदाव्या वर्षी चुलीपुढे बसविताना असे कोणी विचारले असल्याचे ऐकिवात नाही. कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाचे सुप्रसिद्ध सूत्र असे की, कोणाही माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नये. तुम्ही तिला देवी मानले, मखरात बसविले, तरी तिच्या पानात काय पडते हे पाहिले नाही, तर ती साधनच राहिली. फार तर पूजनीय साधन.

अर्थशास्त्राने या बाबतीत काही बरे केले आहे असे नाही. पिगू या इंग्रज पंडिताने १९२० साली आपल्या ग्रंथात मोठे मौजेचे उदाहरण दिले: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्राचे उत्पन्न घटते. आपल्या देशात २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष, जे मुळात करतात तेवढेच मोजून, ९७, असे दिसून आले. २००१ च्या जनगणनेने गृहिणींस भिकारी व कैदी यांच्यासह 'काम न करणाऱ्यां'त घातले होते, आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात स्पष्ट नापसंती दर्शविली. मोजदाद सुरू झाली हे चांगलेच झाले. मात्र मिनिटे मोजल्याने खरवडीचा प्रश्न मिटत नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही आमचे पटत नाही. आमच्या घरातील शिकलेल्या नाती म्हणतात, 'आजीचे आयुष्य म्हणजे नुसती बिनपगारी वेठ.' यात सत्य आहे. पण या वाक्यानेही आजी नाहीशीच होते. पूर्वी ती मायेत विरघळली, आता अन्यायात विरघळते. तिला स्वतःचे मत होते, आणि ते कोठे चालवावयाचे हेही ती जाणून होती. आजोबा शिक्षक. एकदा शाळेची तपासणी करावयास आलेले एक वरिष्ठ अधिकारी मुक्कामास राहिले असता त्यांस पांघरावयास दिलेली नवी गोधडी फार पसंत पडली. त्यांना ती भेट द्यावी असे आजोबांनी ठरविले आणि सकाळी तसे आत सांगितले. आजी म्हणाली, "ती धाकटीच्या मुलीची आहे." मूल अजून जन्मास आले नव्हते. आजोबांनी बढतीच्या गोष्टी सांगितल्या, आवाज चढविला; गोधडी बाहेर आली नाही. पहिला थर घालतानाच ती कोणासाठी हे तिच्या मनात ठरलेले असे, आणि त्यात फेरफार करण्याची मुभा घरच्या कर्त्या पुरुषासही नव्हती. सुयादोऱ्याच्या तिच्या पत्र्याच्या डबीलाही कोणी हात लावीत नसे. चुलीवर तिची सत्ता होती की चुलीची तिच्यावर, हे सांगणे कठीण. सुईवर मात्र तिचीच होती.

बंगाल्यात अशाच जुन्या लुगड्या-धोतरांच्या शिवलेल्या पांघरुणांस कांथा म्हणतात. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने त्या खेडोपाडी हिंडून जमविल्या, आणि त्यांच्या नावाच्या कोलकात्यातील संग्रहालयातील एका कांथेवर ती शिवणाऱ्या मानदासुंदरी दासी या एकोणिसाव्या शतकातील स्त्रीने ती आपल्या वडिलांसाठी केल्याचे टाक्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यामुळे तिचे नाव आज आपण घेऊ शकतो. आजीस अक्षरओळख नव्हती. तिच्या गोधड्यांवर नाव नाही. त्या वापरल्या गेल्या, धुतल्या गेल्या, फाटल्या, आणि त्यांतील एक-दोन दुसऱ्या गोधड्यांच्या पोटात थर म्हणून गेल्या असल्या पाहिजेत. त्यांचे तेच व्हावयाचे होते.

तिची तिथी अजून घरी होते. आता भात विजेच्या भांड्यात शिजतो आणि त्याच्या बुडाशी काही लागत नाही. गेली काही वर्षे आमची एक सून त्या दिवशी मुद्दाम जुने पितळी पातेले काढते, भात आचेवर जरा अधिक ठेवते, आणि खरवड मिठासह एका वाटीत काढून पानाशेजारी ठेवते. नव्वदीच्या घरात आलेल्या आत्याबाईंना ते मुळीच मान्य नाही. उरलेसुरले ज्या बाईने जन्मभर खाल्ले तिला मेल्यावरही तेच काय म्हणून, असे त्या म्हणतात. त्यांच्या मते चिन्नोरचा भात, वर तूप, आणि पहिले वाढप तिचे. सून म्हणते, आजींची म्हणून जी एकच गोष्ट आपल्याला ठाऊक आहे तीही काढून घ्यावयाची काय? दरवर्षी हा वाद होतो, आणि पानाशेजारी दोन्ही वाढले जाते.